पाइपवाले सर

तिने रेकॉर्डिंग तिसऱ्यांदा मागे घेतलं आणि वडिलांकडे न बघता पुन्हा सुरू केलं. 'पॅरललोपाइप', तिचाच आवाज आला. वडिलांची बोटं टेबलाच्या कडेवरून पुढे-मागे फिरत राहिली.

अंध विद्यार्थ्यांसाठी ती भूमितीचं पुस्तक वाचून रेकॉर्ड करत होती. आवाज घुमू नये म्हणून कपाटात रजया टांगून, आत घामाघूम होत. पाचपर्यंत सगळं पाठवायचं होतं. डोळे गेल्यापासून वडील तिचे पहिले श्रोते, आणि चुका काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

एकतीस वर्षं त्यांनी हीच भूमिती शिकवली. सहा समांतरभुज चौकोनांच्या ठोकळ्याला ते 'पॅरललोपाइप' म्हणत; 'समांतर पाइप टाका, झाली आकृती,' म्हणून ते वर्गाला हसवायचे. गावभर त्यांना 'पाइपवाले सर' म्हणत. काल तिने शब्दकोश उघडला. खऱ्या शब्दात पाइप नव्हताच. मूळ ग्रीक: 'पॅरा' म्हणजे शेजारी, 'अलेलॉन' म्हणजे एकमेकांच्या, 'एपी' म्हणजे वर, 'पेडॉन' म्हणजे जमीन. उच्चाराचे तुकडे सहा: पॅ-र-ले-ल-पाय-पेड. ते तिने दहादा घोकले, कपाटात शिरली आणि वडिलांचाच शब्द म्हणून बाहेर आली.

"पुढे लावू का?" तिने विचारलं.

"कोशात बघितलंस?"

"हो."

"मग?"

वडील उठले, खुर्चीला अडखळले, खिडकीपर्यंत जाऊन परत आले.

"नोकरीच्या चौथ्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी मला सांगितलं होतं. फळ्यावर फोड करून."

"तरी तुम्ही..."

"तोवर नाव पडलं होतं गं. मुलं हसायची. म्हटलं, कुणाचं काय अडतंय." त्यांनी चाचपडत खुर्ची शोधली, पण बसले नाहीत. "सत्तावीस वर्षं लाज वाटली. तो धडा जवळ आला की जेवण जायचं नाही."

"बाबा, एका शब्दाने काय बिघडतंय?"

"त्या पोरांना फळा दिसणार नाही. तू म्हणशील तेच खरं."

चार वाजून गेले होते. तिने घाईघाईने पंखा बंद केला आणि कपाटाचं दार उघडलं.

"थांब," वडील म्हणाले. "आधी माझ्याकडून म्हणून घे. खरा शब्द माहीत होता, पण तोंडाने कधी म्हटला नाही."

ती त्यांच्यासमोर बसली. ती एकेक तुकडा म्हणे, मागून ते म्हणत. चौथ्या तुकड्यावर त्यांची जीभ सवयीने वळली आणि जुनाच शब्द बाहेर पडला.

"परत," ती म्हणाली, अगदी त्यांच्याच वर्गातल्या सुरात.