अखंड भाकर

"तुम्ही उद्या प्रभूच्या मेजाला येऊ नका, ताई. पंचांचं तसं ठरलंय."

त्रिवेणीचे हात परातीत होते. कणकेचा गोळा ती उजव्या हाताने तिंबत होती. डाव्या हाताने परात नुसती धरली होती, कारण त्या हातावर अजून जोर देता येत नव्हता. प्लॅस्टर निघाले होते, पण पीळ पडला की हाड ठणकायचे.

ख्रिस्ती देवळाचे पाळकसाहेब प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. नल्लकुंट्याच्या त्या भाड्याच्या खोलीत स्वयंपाकाचा ओटा आणि पाहुण्याची खुर्ची यांत फारसे अंतर नव्हते. चहा त्यांनी अर्धा घेतला होता.

"कायमचं नाही हो. कोर्टातली केस मागं घ्या, पुढच्या महिन्यात पुन्हा या. देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये, हे काय मी लिहिलंय? मलाखीच्या पुस्तकात तर स्पष्टच आहे. घटस्फोटाचा देवाला तिटकारा आहे."

"आणि हिम्मतराव?"

"त्यांचं काय?"

"ते येणार मेजाला?"

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. हिम्मतराव त्रिवेणीचा नवरा, आणि मंडळीच्या पंचांचा सेक्रेटरीही. "त्यांनी काही केस केलेली नाही ना, ताई."

"नाही. त्यांनी फक्त हात मोडला."

"दोन्हीकडची बाजू असते. शास्त्रात…"

"शास्त्रात काय? दहा आज्ञांत बायकोला मारू नको असं नाही, हेच ना? खून करू नको, एवढं आहे. मग तिथवर वाट बघायची होती काय मी?"

त्रिवेणी विद्यानगरच्या एका डायग्नॉस्टिक सेंटरमध्ये एक्स-रे काढायची. मार चुकवायला माणूस डोक्यावर हात आडवा धरतो, तेव्हा करंगळीच्या बाजूचे हाड आधी मोडते. पडल्यावर सहसा दुसरे मोडते. अशा फिल्मा तिने कितीतरी बायकांच्या काढल्या होत्या, आणि 'बाथरूममध्ये पडले' हे ऐकून मान डोलावली होती. मग एक दिवस तिने स्वतःचाच हात मशीनखाली ठेवला. ती फिल्म तिने पाळकसाहेबांना दाखवली होती. त्यांनी ती खिडकीकडे धरून पाहिली होती आणि "प्रार्थना करू" म्हणाले होते.

आता ते उठले. दारात चप्पल घालताना थांबले.

"भाकर मात्र तुमच्याच हातची लागते, ताई. मागं एकदा बेकरीचा ब्रेड आणला, तर जुन्या लोकांनी घेतलाच नाही. सकाळी देवळातल्या अंबाजीला पाठवतो डब्यासाठी."

त्रिवेणीने त्यांच्याकडे पाहिले. तो माणूस हे अगदी सहज बोलला होता.

"अंबाजीमामा नकोत," ती म्हणाली. "मीच आणते."

"देव तुमचं भलं करो," असे म्हणून ते हलक्या पावलांनी जिना उतरले.

आतल्या पलंगावरून निशिगंधा उठून आली. लॅपटॉप तसाच उघडा होता. "हौ! भाकर होना, भाकर करनारी नक्को! मम्मी, मूठभर मीठ घाल. नाही तर मिरची घाल. पप्पांच्या तुकड्यात तर डबल."

"गप."

"सीरियसली बोलतेय मी." तिने फोनवर काहीतरी शोधले. मराठी तिला अडखळत वाचता यायचे, त्यामुळे बायबल ती इंग्रजीतच वाचायची. "थांब. ते जे मलाखी बोलले ना, ते वाक्य तिथं संपत नाही. पुढं आहे. घटस्फोटाचा तिटकारा आहे, आणि जो जुलूम करतो त्याचाही आहे. सेम वाक्यात! मम्मी, तू ऐकतेस का? सेम वाक्य!"

"माहितीये."

"मग बोलली का नाही त्यांना?"

"त्यांनाही माहितीये."

निशिगंधाचा फोन हातातच राहिला.

त्रिवेणीने तवा ठेवला. ही भाकर गव्हाची, बेखमीर, बोटभर जाड. सासूबाई सखूबाई गेल्यापासून प्रभुभोजनाची, मेजावर मोडून सगळ्यांना वाटायची भाकर त्रिवेणीच करत आली होती. सखूबाईंचा नियम कडक होता. भाकर मेजावर जाते ती अखंड. चीर पडली की दुसरी करायची. मोडायची ती पाळकांनी, सगळ्यांसमोर. चिरलेल्या भाकरी घरात खायच्या. निशिगंधा त्याच खात मोठी झाली होती.

आजची भाकर सुरेख झाली. मंद आचेवर दोन्ही बाजूंनी सारखी भाजली, कुठे चीर नाही. त्रिवेणीने ती पांढऱ्या फडक्यावर काढली आणि प्रार्थनेसाठी डोळे मिटले. नेहमीची वाक्ये ओठांवर आलीच नाहीत. मनात राग धरून मेजाला येऊ नये, असाही एक नियम होता.

तिने डोळे उघडले, भाकरीची कड धरली आणि तुकडा तोडला.

"मम्मी!"

ओट्याशी उभ्यानेच, राग होता तसा ठेवून, तिने तो सावकाश चावून खाल्ला. मग भाकर फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली.

सकाळी देवळाबाहेर तेलुगू मंडळीच्या गाड्या लागायला सुरुवात झाली होती. त्यांच्या उपासनेआधी मराठी लोकांना देऊळ रिकामे करून द्यावे लागे. त्रिवेणीने फडक्यासकट भाकर मेजावरच्या ताटात ठेवली आणि मागच्या बाकावर निशिगंधाशेजारी जाऊन बसली. पुढच्या बाकावर इस्त्रीच्या शर्टात हिम्मतराव होता.

गीत झाले. पाळकसाहेबांनी फडके बाजूला केले.

त्यांचा हात थांबला. दोन बोटे मावतील एवढी जागा रिकामी होती, आणि कडा फाटलेल्या. पहिल्या दोन बाकांनी ते पाहिले. हिम्मतरावने मागे वळून पाहिले. त्रिवेणीने नजर हटवली नाही. शेवटी त्यानेच मान पुढे वळवली.

भाकर दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरून सगळ्यांना दाखवायची, ही इथली रीत. पाळकसाहेबांनी ती छातीपर्यंतच उचलली. रिकाम्या जागेवर त्यांनी तळवा दाबून धरला होता. प्रभूने भाकर घेतली आणि मोडली, इथवर आल्यावर त्यांचा आवाज खाली गेला. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला.

हिम्मतरावला त्याचा तुकडा मिळाला. अंबाजीमामा ताट घेऊन एकेक बाक मागे येत गेले. शेवटच्या बाकापाशी ते घुटमळले. ताट पुढे करावे की नेऊन ठेवावे, हे त्यांना कळेना. निशिगंधाने मानेनेच नको म्हटले.

"मामा, जा तुम्ही," त्रिवेणी हळूच म्हणाली आणि ताटावर हात आडवा धरला, वाढप्याला थांबवताना धरतात तसा. "माझं झालंय."