करडी पट्टी कुणी काढायची?

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नव्हे. पावडरीच्या कारखान्यातला. तिथल्याच सुताराने उरलेल्या फळ्या जोडून मला बनवलं आणि अंगभर तासातासाच्या खाचा पाडल्या. त्या खाचांत रंगीत पट्ट्या बसतात. निळी म्हणजे तान्ह्या बाळांची दूध पावडर, पिवळी म्हणजे पैलवान मंडळींची शेंगदाण्याची पावडर. दोन्ही एकाच मोठ्या टाकीत तयार होतात. म्हणून पिवळीनंतर करडी पट्टी लागते. टाकी धुवून वाळवायचे आठ तास. शेंगदाणा काही बाळांना इतका बाधतो की श्वास कोंडतो.

करडी पट्टी काढायचा मान एकट्या धुलाईवाल्या काकांचा. टाकी आतून पांढऱ्या फडक्याने पुसायची आणि फडकं स्वच्छ निघालं तरच पट्टी काढायची. कामाची आखणी करणाऱ्या ताई बारा वर्षं रोज सकाळी माझ्यावर पट्ट्या लावायच्या, पण करडीला त्याही हात लावत नसत. पाहुणे आले की मालक मला दाखवून मिरवायचे. मीही फुगायचो, खोटं कशाला बोलू!

मग नवे साहेब आले आणि समोरच्या भिंतीवर संगणकाचा एक चकचकीत पडदा लागला. टाकी 'चालू' की 'रिकामी', एवढंच त्याला कळायचं. धुलाई त्याच्या लेखी रिकामीच. माझ्यावर धूळ साचू लागली, तरी ताई पट्ट्या लावतच राहिल्या. साहेब मला 'लाकूडफाटा' म्हणायचे. म्हणोत बापडे!

एका दुपारी बाळांच्या पावडरीची तातडीची मागणी आली. पिवळीचं काम नुकतंच संपलं होतं. ट्रक दारात उभा होता. पडद्यावर टाकी 'रिकामी' दिसत होती. साहेब तरातरा आले, त्यांनी करडी पट्टी उपटली आणि तिथे निळी खोचली.

"साहेब, ती पट्टी काकांशिवाय कुणी काढत नाही," ताई म्हणाल्या.

"आठ तास टाकी नुसती लोळत पडणार? आणि ट्रकने काय माशा मारायच्या?"

"मारू दे. काका, जरा बघा हो."

काकांनी टाकीत फडकं फिरवलं. बाहेर निघालं ते तपकिरी. त्यांनी ते साहेबांसमोर धरलं. "हे तुमच्या घरच्या बाळाला पाजाल?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. "काम सुरू करा. हुकूम आहे माझा."

ताईंनी निळी पट्टी काढली, करडी परत लावली आणि मला पाठ टेकून उभ्या राहिल्या. "मग आधी मला बाजूला करा."

घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालतं. पण त्या हलल्या नाहीत. ट्रक रिकामा परत गेला.

दुसऱ्या दिवशी ताईंना साहेबांचं पत्र मिळालं, 'आपण आठ तास विनाकारण काम थांबवलंत. पुन्हा असं घडल्यास नोकरी जाईल.' ताईंनी ते पत्र ना लपवलं, ना फाडलं. माझ्या छातीवर मधोमध खिळा ठोकून लावलं. काकांनी शेजारी ते तपकिरी फडकं टांगलं. गेल्या आठवड्यात साहेबांनी मला भंगारात काढायचं ठरवलं, पण खिळे उपसायला अजून कुणी पुढे झालेलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर दया करा, अशी विनवणी मी करणार नाही. ज्याला मला उतरवायचंय त्याने खुशाल यावं. फक्त आधी पत्र वाचावं, मग फडकं बघावं, आणि 'विनाकारण' हा शब्द माझ्यासमोर उभं राहून मोठ्याने म्हणून दाखवावा.