शेंगदाण्याएवढे गठ्ठे

धाकटी जन्माची भित्री. झुरळ दिसलं की खुर्चीवर, कुकरची शिट्टी झाली की दोन पावलं मागे. "हिला देवाने सशाचं काळीज दिलंय," असं तिची थोरली बहीण येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पण त्याच देवाने हात दिले ते असे, की बघणाऱ्याने बघत राहावं. हौसेने खेळण्यातली शेतं मांडणारी माणसं असतात ना, त्यांच्यासाठी ती गवताचे गठ्ठे बनवायची. एकेक गठ्ठा शेंगदाण्याएवढा. कोणी ते गोठ्याबाहेर रचायचं, कोणी बोटभर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरायचं.

आधी ती लाकडाच्या पट्ट्या कापून करायची. या खेपेला मॉडेलवाले काका म्हणाले, "लाकूड नको गं बाई. हे शेत छताला टांगायचंय. तार तुटली तर म्हशींसकट लोकांच्या डोक्यात!" म्हणून मग थर्माकोल. गरम तारेने त्याचे तुकडे पाडायचे, पांढरा गोंद लावायचा, सुतळी उकलून कातरलेल्या भुशात घोळवायचे आणि वर दोऱ्याचे दोन वेढे घट्ट बांधायचे. तळहातावर ठेवला तर आहे की नाही कळू नये, इतका हलका गठ्ठा. काका खूश होते. शनिवारी प्रदर्शन होतं आणि अजून निम्मा ढीग बाकी होता.

थोरली कपड्यांच्या कारखान्यात जायची. दिवसभर तिची दीड वर्षाची ठकी मावशीच्या अंगावर. त्या बदल्यात धाकटीला घर होतं, मागची खोली होती आणि एक कायदा होता. ठकी जागी असताना काम कपाटात! "एकदा जरी पसारा दिसला ना," थोरलीने बजावलं होतं, "तर तू आणि तुझे गठ्ठे, दोघं रस्त्यावर." थोरली बोलायची ते करायची.

पण ठकी झोपेल तर ना! त्या दुपारी थोपटून थोपटून धाकटीचा हात दुखला, तरी ही आपली टकामका बघतेय. शेवटी धाकटीने कपाट उघडलं आणि टेबल मांडलं. आणि पोरीने गप्प बसावं म्हणून दोरा चुकलेले, कोपरे उडालेले चार-पाच गठ्ठे तिच्या पुढ्यात टाकले. लाकडाचे असताना हे तिने कधी केलं नसतं. लाकूड लागतं, डोळ्यात जातं. पण हे? कापसासारखे! ठकीने एक उचलून मावशीच्या नाकावर मारला. मावशीने "आई गं, मेले!" केलं, आणि दोघी खिदळल्या.

मग ठकी खोकली.

साधं खोकणं नव्हे ते. तोंड लालबुंद, डोळ्यांत पाणी, आवाज असा की धाकटीच्या हातातला दोरा गळून पडला. तिने पोरीला उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घातलं. हाताला ओला भुसा लागला, बाकी काही नाही. आणि ठकी शांत झाली. चक्क हसली.

"गिळलंन वाटतं. नाहीतर नसेलच काही," धाकटी स्वतःशीच मोठ्याने म्हणाली. तिने जमीन झाडली, टेबल पुसलं, कपाटाला कुलूप घातलं. खरं तर तेव्हाच डॉक्टरकडे पळायला हवं होतं. पण माणूस भ्यालं की आधी पसारा आवरतं, अक्कल नंतर येते. दुपारभर ती ठकीच्या छातीला कान लावून बसली. संध्याकाळकडे त्या छातीत शिट्टी वाजायला लागली. बारीक, दाराच्या फटीतून वारा यावा तशी. धाकटीने थोरलीला फोन केला आणि म्हणाली, "सर्दी झालीय वाटतं."

दवाखान्यात डॉक्टरांनी नळी लावून पुढून ऐकलं, पाठीवरून ऐकलं, पुन्हा ऐकलं. "उजव्या बाजूला हवा कमी जातेय. काही गिळलं होतं का? दाणा, मणी, काही?"

थोरली वळली. "नाही ना गं?"

"नाही," धाकटी म्हणाली. शब्द कसा तोंडातून गेला तिलाच कळलं नाही.

छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला. स्वच्छ! थोरलीने देवाचं नाव घेतलं आणि भिंतीला टेकली. धाकटीलाही वाटलं, सुटलो. पण अशा फोटोत तार, पिना, नाणी दिसतात हे तिने कुठल्याशा चित्रात पाहिलं होतं, आणि थर्माकोल म्हणजे काय, तर नुसती हवा! ते दिसणार कसं? बोललं तर घर गेलं. नाही बोललं तर... पुढचा विचार तिला करवेना.

"औषध देतो," डॉक्टर म्हणाले, "पण श्वास वाढला तर थांबू नका, तडक या."

थोरलीने ठकीला खांद्यावर घेतलं. तिघी निघाल्या. दाराशी ठकीने श्वास घेतला तेव्हा तिच्या गळ्याखालची खळी आत ओढली गेली. धाकटीने ती पाहिली.

"गिळलंय!" ती ओरडली. "डॉक्टर, थर्माकोल आहे! मी दिला, मीच तिच्यापुढे टाकला!"

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "थर्माकोल? फोटोत येत नाही तो. म्हणूनच विचारलं होतं ना मी तुम्हाला!" आणि मग सगळी धावपळ. मोठ्या रुग्णालयाची गाडी, सही, हिरवा पडदा. ठकीला आत नेलं. बाहेरच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. थोरलीने दारावरची नजर काढली नाही. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं धाकटीला वाटत होतं. सगळ्या देवांना साकडं घालून झालं, तरी दार उघडेना.

उघडलं तेव्हा नर्सच्या हातात छोटी बाटली होती. आत थर्माकोलचा कुरतडलेला तुकडा, त्याला चिकटलेला सुतळीचा भुसा. "निघालं हो. पोरगी छान आहे. आणखी सुजलं असतं तर अवघड होतं."

ठकीला खाटेवर आणून ठेवलं. ती झोपली होती, छाती वरखाली होत होती, बिनआवाजाची. थोरली बराच वेळ त्या छातीकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "मी तिला घेऊन घरी निघाले होते. तू गप्प राहून माझ्यामागे आली असतीस?"

खोटं बोलायची ताकद आता धाकटीत उरली नव्हती. "दारापर्यंत आलेच होते ना, ताई."

थोरली खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. तेवढ्यात ठकी जागी झाली. अनोळखी खाट, हाताला पट्टी! तिने भोकाड पसरलं आणि दोन्ही हात रोजच्या सवयीने मावशीकडे केले. धाकटी जागची हलली नाही. तिची छातीच होईना.

"घे तिला," थोरली पाठमोरीच म्हणाली. "माझ्याने अजून तुझ्याकडे बघवत नाही. पण ती रडतेय. घे."