सहा वर्षांनी बोटीत

ऑक्टोबरातला शेवटचा बुधवार. उसाच्या जुन्या मळ्यावरच्या नोकरीतला मिस ऑरेलिया नार्सिसचा तो शेवटचा दिवस होता, पण मळा बघायला आलेल्या पाहुण्यांना तिने त्यातलं काही जाणवू दिलं नाही. नेहमीसारखीच ती त्यांना मालकांच्या मोठ्या घराच्या मागे घेऊन गेली. पांढऱ्या खांबांचं ते घर, त्यातली झुंबरं आणि चांदीची भांडी दाखवायला इतर मुली होत्या. ऑरेलियाने एकोणीस वर्षांपूर्वी मागची गुलामांची खोपटं दाखवायचं काम स्वतःहून मागून घेतलं होतं. तिच्या पणजीची आई तिथेच, ऊस तोडता तोडता, गुलामीतच मेली होती.

खोपटांच्या टोकाला एक दगडी भिंत होती. मळ्यावर विकत आणलेल्या माणसांची नावं आणि वयं तिच्यावर कोरलेली. ऑरेलिया ती वाचून दाखवायची. ओनोरे, वय चाळीस. मारी-रोझ, वय अकरा. सेलेस्तच्या नावापाशी मात्र ती वय न सांगताच पुढे जायची. दगडावर ते स्वच्छ लिहिलेलं होतं, तेवीस, पण गेल्या सहा वर्षांत ते तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. तिची धाकटी मुलगी नोएल गेली तेव्हा तेवीस वर्षांची होती.

त्या दिवशी घोळक्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "पोरं अशी हातातून गेल्यावर यांच्या आया जगल्या कशा असतील हो?"

हा प्रश्न दर आठवड्याला कुणीतरी विचारायचंच आणि ऑरेलियाकडे त्याचं चांगलं लांबलचक उत्तर होतं. आज ते तोंडातून फुटेना.

"जगल्या," ती म्हणाली. "एवढंच ठाऊक आहे."

बस फाटकाशी उभी होती. सकाळी मळा, दुपारी जेवण, मग दलदलीत बोटीची फेरी, अशी एका तिकिटातली ती दिवसाची सहल. बस लेनार्ड चालवायचा आणि बोट ऑरेलियाचा नवरा क्लोव्हिस. नवरा-बायकोच्या मध्ये अठरा मैलांचा रस्ता होता आणि सहा वर्षांचा अबोला. दर सोमवारी ती लाल घेवडा आणि भात डब्यात भरून लेनार्डच्या हाती द्यायची. बुधवारी डबा धुऊन पुसून परत यायचा. एवढाच काय तो संसार उरला होता.

लेनार्डने रिकामा डबा पुढे केला. "हा घ्या, मिस ऑरेलिया. याही खेपेला चाटूनपुसून."

"राहू दे तुझ्यापाशीच. मी बसमध्ये बसतेय."

"कुठवर?"

"बोटीपर्यंत. आणि बोटीतही."

लेनार्डने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "देवा! काल सांगायचं होतंत, बाई. निदान त्याला दाढी तरी करायला लावली असती."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता. गाळपाचा हंगाम नुकता सुरू झालेला, त्यामुळे पाचट पेटल्याचा गोडसर धूर बसमध्ये भरला होता. पुढे उसाने लादलेल्या गाड्या, त्यामुळे बस रेंगाळत चाललेली. ऑरेलिया खिडकीपाशी पर्स मांडीवर धरून बसली आणि काय बोलायचं ते मनात घोळवू लागली.

नोएलचं ते सहा वर्षांपूर्वी जूनमध्ये घडलं. नोएल सुट्टीला घरी आली होती आणि धक्क्यावर तिकिटं फाडत होती. दुपारच्या फेरीला ती बापाबरोबर बोटीत गेली. वादळ उठलं, वळणावरचं सायप्रसचं जुनं झाड मधोमध मोडलं आणि बोटीच्या टोकावर पडलं. बारा प्रवासी होते, एकालाही खरचटलं नाही. टोकावर नोएल उभी होती.

दफन झालं त्या संध्याकाळी, स्वयंपाकघरात, शेजारणींनी आणून ठेवलेल्या पातेल्यांच्या गर्दीत, ऑरेलियाने क्लोव्हिसला एकच विचारलं होतं, "आभाळ दिसत नव्हतं का रे तुला?" त्याने टोपी घेतली, धक्क्यावरच्या खोपीत राहायला गेला तो गेलाच. वर्षभराने तो पुन्हा फेऱ्या मारू लागला, तेव्हा गावाने तोंडात बोटं घातली.

पण सगळे एक गोष्ट सांगायचे. वादळ दहा मिनिटांत उठलं, स्वच्छ आभाळातून. चौकशीच्या कागदावरही तसंच उतरलं. आधी ऑरेलियाला ते पटायचं नाही. मग वर्षं गेली, बिछान्याची दुसरी बाजू गारच राहिली, आणि ते पटावं असं तिला वाटू लागलं. आता थोरली रोशेल तिला ह्यूस्टनला बोलावत होती. "पप्पांनाही आण, आई. खोली आहे. पण आधी तुम्ही दोघं एकदा बोला तरी." ऑरेलियाने मनाशी ठरवलं होतं. त्याने तेवढं एक वाक्य बोलावं. मग जे झालं ते झालं, आपण पदरात घेऊ.

धक्क्यावर क्लोव्हिस प्रवाशांना हात देऊन बोटीत उतरवत होता. चौसष्टाव्या वर्षीही खांदे रुंद, दाढी मात्र पांढरी आणि वाढलेली. ऑरेलियाचा हात हातात आला तेव्हा त्याने वर बघितलं.

"पाय जपून," तो म्हणाला. प्रत्येकाला म्हणायचा तसंच.

ती मागच्या बाकावर बसली. बोट हिरव्या पाण्यातून सरकू लागली. झाडांवरून करडं शेवाळ लोंबत होतं. मगरी पाण्याबाहेर डोळे काढून वाट बघत होत्या, आणि क्लोव्हिस त्यांना मार्शमॅलोच्या मऊ, गोड वड्या टाकत होता.

"ही आमची मॅडम क्लेओ," तो सांगत होता. "हाक मारली तर ढुंकून बघणार नाही. खायला काढलं की हजर. माझी बायको अगदी..." आणि तो अडखळला. रोजचं वाक्य जिभेवर आलं होतं. प्रवासी हसायला तयार होऊन बसले होते.

"बोला की, कॅप्टन!" पुढचा एक जाडा माणूस म्हणाला. "बायको काय?"

"माझी बायको फार चांगला घेवडा करते," क्लोव्हिस म्हणाला आणि सुकाणूच्या चाकाकडे वळला.

लोक तरीही हसले. ऑरेलियाने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला.

पाऊण तासाने ते वळण आलं. क्लोव्हिसने इंजिन बंद केलं. "इथे दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही," तो म्हणाला. "इथे नुसतं ऐकायचं." त्याने टोपी काढून छातीशी धरली. लोकांना वाटलं, बेडूक किंवा पक्षी असतील. त्यांनी कान दिले. डावीकडे पाण्यातून सायप्रसचा मोडका बुंधा वर आला होता, पुरुषभर उंच, तुटल्या जागी काळा पडलेला. ऑरेलिया ही जागा पहिल्यांदाच बघत होती. दिवसातून दोन फेऱ्या, म्हणजे हा माणूस दिवसातून दोनदा इथे असा उभा राहत होता, आणि लेनार्डसारख्या बडबड्यानेही तिला ते कधी सांगितलं नव्हतं.

तिला वाटलं, उठावं आणि त्याच्या शेजारी जाऊन उभं राहावं. पण मध्ये माणसं होती. ती बसून राहिली.

धक्क्यावर प्रवासी बसकडे गेले. ती थांबली. तो दोर गुंडाळत होता.

"रविवारी मी ह्यूस्टनला चाललेय. रोशेलकडे. कायमची."

"लेनार्ड म्हणाला."

"त्याच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ."

क्लोव्हिस किंचित हसला. त्या हसण्याने तिला धीर आला.

"तिथे तुझ्यासाठीही खोली आहे."

दोर गुंडाळणारे हात थांबले. "हे रोशेल म्हणतेय. तू काय म्हणतेस?"

"मी विचारायला आलेय. लोक म्हणतात वादळ अचानक आलं. कागदावरही तेच आहे. तू नुसतं हो म्हण, क्लोव्हिस. परत हा विषय मी काढणार नाही. तिची शपथ."

त्याने दोर खाली ठेवला.

"दक्षिणेकडून काळंकुट्ट होऊन आलं होतं, ऑरी," तो म्हणाला. "अर्धा तास आधी. इथूनच दिसत होतं. नोएल म्हणाली, 'पप्पा, आज नको.' मी म्हटलं, चल गं, भित्री कुठली, वारा सुटायच्या आत परत येऊ. इतकी वर्षं तसाच येत होतो."

पप्पा, आज नको. पोरीचं हे बोलणं ऑरेलियाला आज कळत होतं. सहा वर्षांनी तिच्या लेकीचे नवे शब्द कानावर आले होते आणि ते हे होते.

"मला कशाला सांगितलंस?" तिचा आवाज चिरकला. "मी हो म्हण म्हटलं होतं ना? एक हो! खोटं तर खोटं!"

"खोटं बोलून तुझ्या ताटाशेजारी ताट मांडून बसू? रोज?" तो म्हणाला. "ते जमत असतं तर त्या रात्रीच जमलं असतं. घर सोडून आलो नसतो."

तिने पर्सने त्याच्या छातीवर मारलं. एकदा, दोनदा, मग मोजता येईना. तो हात खाली सोडून उभा राहिला. शेवटी दम लागला तशी ती थांबली, पर्सचा तुटलेला बंद हातात गोळा केला आणि बसकडे चालू लागली. लेनार्डने दार उघडून धरलं. 

शनिवारी सर्व संतांचा दिवस. गावातले सगळे त्या दिवशी आपापल्या कबरी धुतात, चुना देतात, फुलं ठेवतात. दरवर्षी क्लोव्हिस पहाटे येऊन चुना देऊन जायचा आणि ऑरेलिया दुपारी शेवंती घेऊन यायची. या वर्षी ती उजाडतानाच गेली. तो बादलीत चुना कालवत होता.

तिने ब्रश घेतला आणि गुडघ्यावर बसून नोएलच्या कबरीवरची काजळी, शेवाळ खरवडू लागली. ती एक बाजू घासायची, तो ती पांढरी करायचा. आजूबाजूला माणसं जमली, बघून न बघितल्यासारखी आपल्या कामाला लागली.

"दोन हात दे," ती म्हणाली. "एक पावसात टिकत नाही."

"दरवर्षी दोनच देतो."

"पुढच्या वर्षी मी इथे नसेन."

"मी आहे ना."

तिचे गुडघे आखडले होते. त्याने हात पुढे केला. तो धरून ती उठली आणि लगेच सोडायचा तो तिने क्षणभर सोडला नाही. त्याच्या तळव्याचा ओला चुना तिच्या तळव्याला लागला. तिला तो माणूस हवा होता, आणि त्याच्या तोंडून पुन्हा कधी ते शब्द ऐकायला नको होते. या दोन्ही गोष्टी एका घरात राहणार नव्हत्या. तिने हात सोडला.

"येते," ती म्हणाली.

"जपून जा, ऑरी."

रविवारी ती एकटीच गाडी चालवत ह्यूस्टनला पोहोचली. रोशेल धावत बाहेर आली, आईच्या खांद्यावरून तिने गाडीतल्या रिकाम्या जागेकडे बघितलं, आणि खोकी उतरवू लागली.