हार काढा, मला पायऱ्यांवर ठेवा

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. सोलापुरात शिवशरणांच्या हातमागावर माझा जन्म सार्थकी लागला. ते माझ्यावर बसून चादरी विणायचे आणि मी घासून घासून गुळगुळीत झाले. खंडेनवमीला ते मागाबरोबर मलाही हळदकुंकू लावायचे. तेव्हा मी जरा फुगूनच बसायचे!

पुढे माग मोडला. शिवशरण गिरणीत लागले आणि मी परसात पडले. त्यांची मुलगी रुद्राणी कॉलेजात जाऊ लागली होती. पोलिओने तिचे पाय गेलेले, म्हणून ती तीनचाकी सायकल हातांनी चालवायची. कॉलेजच्या पायऱ्यांपाशी मात्र तिला थांबावे लागे. शिपाई महिपती मुलांना हाक मारून तिला सायकलीसकट उचलायचा. तो रजेवर गेला की रुद्राणी तास संपेपर्यंत बाहेरच. तिला ते फार लागायचे.

शेवटी शिवशरणांनी मला दोन फळ्या जोडून रुंद केले आणि कॉलेजात नेले. पायऱ्यांवर मी तिरकी पडले आणि रुद्राणी एकटीच वर गेली. वर पोचल्यावर ती किती हसली! मला तर पुन्हा मागावर बसल्यासारखे वाटले.

मग खंडेनवमी आली. महिपतीने घंटा पुजली, कुलपे पुजली आणि प्रेमाने मलाही पुजले. हार घालून भिंतीशी उभे केले. सुट्टीनंतर सहामाही परीक्षा होती. रुद्राणी आली, तर पायऱ्या मोकळ्या.

"मामा, फळी टाका की."

"पुजलेल्या फळीवर चाक कसं घालू, पोरी? पाप लागंल. चल, उचलतो."

"आमचे बाबा माग पुजायचे आन् दुसऱ्या दिशी त्याच फळीवर बसून विणायचे. कामाला लावली तरच तिची पूजा."

घंटा झाली. प्राचार्य बाहेर आले. "उचलून घ्या हो, पेपर सुरू होतोय."

रुद्राणीने चाक घट्ट धरले. तिचे डोळे भरून आले होते. "सर, वर्गात जायचा माझा हक्क हाय की न्हाय? उचलणारा असंल तरच मिळणार, तर तो हक्क कसला?"

प्राचार्य बाजूला झाले. महिपतीने माझ्यावर डोके टेकले, हार काढला आणि मला पायऱ्यांवर ठेवले. कुंकवावरून चाके गेली. खरे सांगते, तसा मान मला पुन्हा मिळाला नाही.

रुद्राणी पदवी घेऊन गेली आणि मी अडगळीच्या खोलीत आले. 'ताईची आठवण' म्हणून महिपती दर खंडेनवमीला येऊन मला हार घालतो. बिचारा मनापासून घालतो, पण बाहेर पायऱ्या तशाच आहेत.

आज सकाळपासून तिथे कुबड्यांची खटखट ऐकू येते आहे. कुणीतरी नवीन आले आहे. एक पायरी चढते, थांबते, पुन्हा खाली उतरते. मित्रांनो, खोलीला कुलूप नाही, नुसती कडी आहे.