सलग सोफा

"रंग शेवटी निवडा, वहिनी. आधी माणसं झोपवून बघा," असं मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाला होता, आणि बाळाची आई हसली होती. तिच्या हातात तेव्हा बेचाळीस रंगांचं शेड कार्ड होतं, कडेवर अकरा महिन्यांची छकुली होती, आणि मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, बांधणाऱ्या माणसाकडून संसाराचे धडे घ्यायला ती काही तिथं आली नव्हती.

"माणसं कुठं पळून जातायत?" ती म्हणाली. "हा राखाडी आणि हा राखाडी, यांत फरक काय तेवढं सांगा."

"नावाचा," मिस्त्री म्हणाला.

माणसं तरी अशी किती? चार. एक नवरा, जो लॅपटॉप उघडेल तिथं ऑफिस थाटणारा. एक ती. एक छकुली. आणि चौथ्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा भाऊ सात वर्षांचा होता. त्याची आजारपणं, त्याचं दप्तर, त्याचं कॉलेज, सगळं वन्संनी शिवणयंत्रावर पाय मारून निभावलं. स्वतःचं लग्न तेवढं राहिलं. आता वर्षभर गाडीतून हिंडायचं ठरलं, तर त्यांनी शिवणाचं दुकान विकून आलेलं सगळं गाडीत घातलं आणि भाड्याची खोली सोडत असल्याचं घरमालकाला कळवूनही टाकलं. "ताई, तुझी जागा खिडकीजवळ," भाऊ म्हणाला होता. वन्सं हे एकूण एक गिऱ्हाइकाला सांगून आल्या होत्या, जणू राज्याभिषेकाचं बोलावणंच आलंय.

मिस्त्रीची कामाची एक रीत होती. पत्र्याला हात लावण्याआधी तो अख्खी गाडी कारखान्याच्या फरशीवर चिकटपट्ट्यांनी आखायचा. पाण्याच्या टाकीला निळी पट्टी, गॅसला लाल, माणसाला पिवळी. मग घरातल्या प्रत्येकाला आपापल्या पिवळ्या चौकटीत दहा मिनिटं आडवं व्हायला लावायचा. "कागदावर सगळेच मावतात," तो म्हणायचा.

नवरा फोनवर बोलत बोलतच आडवा झाला. बाळाच्या आईनं छकुलीचं निमित्त सांगून टाळलं. वन्संनी मात्र चपला चौकटीच्या बाहेर काढल्या, पर्स छातीशी धरली आणि थंड फरशीवर सरळ पाय पसरले.

"इथून आभाळ दिसेल का हो?"

"दिसणार, मावशी. खिडकी इथंच कापतोय."

"मग मी झोपतेय कसली!" असं म्हणून त्या शाळकरी मुलीसारख्या हसल्या.

बाळाची आई हे बघत होती. ती सगळंच बघते. वर आलेले स्क्रू, टेबलाचे कोपरे, लोंबणाऱ्या वायरी, गिळता येतील अशी बटणं. छकुली झाल्यापासून तिचे डोळे कधी मिटलेलेच नाहीत म्हणा ना. पण त्या घटकेला तिला दिसलं ते एवढंच, की ती पिवळी चौकट चांगली ऐसपैस आहे.

आधी कपडे धुण्याचं यंत्र आलं. लहान मूल आहे म्हटल्यावर ते हवंच. मिस्त्रीनं गुडघे टेकले, नखानं पिवळी पट्टी उचलली आणि आत सरकवून चिकटवली.

"मावशींचे पाच इंच गेले."

"त्या कुठं एवढ्या उंच आहेत!"

मग कठड्याचा पाळणा आला. मग औषधांचं कुलुपाचं कपाट. मग छकुलीला रांगायला मोकळी जागा. दर वेळी कारण छकुलीचंच, आणि छकुलीच्या नावापुढं कोण बोलणार? वन्संना बोलावलं जाई. त्या गळ्यातली मापाची पट्टी काढत, उरलेली चौकट मोजत आणि म्हणत, "बसते मी. पाय पोटाशी घेतले की झालं. तशीही मी तशीच झोपते."

"ताईला तर घडी करून कपाटात ठेवली तरी चालेल!" नवरा म्हणाला. सगळे हसले. वन्सं सगळ्यांत जास्त हसल्या.

पडदे त्याच शिवत होत्या. आधी शेवाळी झाले. गाडीच्या बाहेरचा रंग बदलला म्हणून वाळूच्या रंगाचे झाले. ते लाकडाशी भांडतात असं बाळाच्या आईला वाटलं, म्हणून तेही उसवले.

"वन्सं, तुम्हाला त्रास होतोय ना?"

"त्रास कसला? उसवायला अक्कल लागत नाही," वन्सं म्हणाल्या आणि सुईत नवा दोरा ओवायला उजेडाकडे वळल्या.

शेवटी वन्संना झोपायला उरला तो सोफा. दिवसा बसायचं, झोपायच्या वेळी ओढून पलंग करायचा. मिस्त्रीनं दोन नमुने मांडून ठेवले. एक उघडणारा. त्याच्या बैठकीत बरोबर मध्ये जोड, आणि खाली दोन बिजागऱ्या. दुसरा न उघडणारा, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, सायीच्या रंगाचा. बाळाची आई त्या सलग सोफ्यासमोर उभी राहिली ती राहिलीच. पहिल्याकडे वळली तेव्हा तो जोड तिला देखण्या चेहऱ्यावरच्या टाक्यांसारखा दिसला.

"हा जोड झाकता नाही का येणार?"

"उघडायचं म्हणजे जोड आलाच, वहिनी."

"आणि बिजागरीत पोरीचं बोट सापडलं तर?"

"रबर बसवतो. बारा वर्षं बसवतोय, एकाही पोराचं नख दुखावलं नाही."

"बसवता तुम्ही. आई मी आहे."

मिस्त्रीनं रबराचा तुकडा खिशात टाकला. यापुढं कुणाचंच काही चालत नाही.

खरं सांगायचं तर रबराचं तिला पटलं होतं. तिला तो जोड नको होता, बस्स. आणि मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. छकुली रडायला लागली की आईच्या कडेवरून आधी वन्संकडे झेपावायची.

"मग मावशी कुठं झोपणार?" मिस्त्रीनं विचारलं.

"ते आमचं आम्ही बघू."

वन्संना कुणी काही सांगितलं नाही. कव्हर शिवायचं माप मात्र पोचवलं. ते द्यायला बाळाची आई स्वतः गेली. खोलीतलं सामान निम्मं बांधून झालं होतं. भांडी खोक्यांत, गादी गुंडाळलेली, मधोमध तेवढं शिवणयंत्र उघडं. वन्संनी मापाचा कागद जमिनीवर पसरला, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गुडघ्यांवर सरकत गेल्या आणि तशाच परत आल्या.

"हे एकच लांबलचक आहे."

"हो."

"मध्ये शिवण नाही कुठं. म्हणजे हा उघडत नाही."

"छकुलीची बोटं, वन्सं. बिजागरीत एखादं सापडलं तर..."

वन्संनी कात्री खाली ठेवली. थोड्या वेळानं पुन्हा उचलली. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "पोरीच्या बोटापुढं काय आहे?" आणि मग, कापडावर खडूनं रेघ ओढता ओढता, "कडेला दोन बोटं जास्त ठेवते हं. फोम फुगतो."

बाळाची आई दारातच उभी होती. बोलायची हीच वेळ होती हे तिलाही कळत होतं. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "शुक्रवारपर्यंत होईल ना?"

पुढचं नवऱ्यानं फोनवर उरकलं. "ताई, ही फेरी म्हणजे नुसती चाचणी समज. दुसऱ्या फेरीला तू हवीसच."

"अरे, पण खोली सोडलीय ना मी."

"हो गं. करू काहीतरी."

ते काहीतरी केलं मिस्त्रीनं. कारखान्यावरचा फोम ठेवायचा माळा त्यानं वन्संना राहायला झाडून दिला आणि यंत्र दोरानं वर ओढून घेतलं. चढायला भिंतीला टेकवलेली लोखंडी शिडी. तिच्या दांड्या पावलापुरत्याच.

निघायच्या सकाळी वन्सं बॅग घेऊन आल्या. "उरलेलं कापड आहे. वाटेत काही उसवलं तर असावं." बॅगची चेन नीट लागत नव्हती. फटीतून टूथब्रश दिसत होता, आणि कोऱ्या बुटांचा एक तळवा. बाळाच्या आईनं बघितलं. सांगितलं ना, ती सगळं बघते.

वन्सं सोफ्यावर बसल्या. कव्हरवरून हात फिरवून म्हणाल्या, "सुरकुती नाही हं एकसुद्धा." छकुलीनं त्यांच्या मांडीवर उडी घेतली आणि त्यांचा गळाच धरून ठेवला. सोडेना. शेवटी आईनं तिच्या मुठीचं एकेक बोट उलगडलं.

"ताई, उतर आता. मागं ट्रकवाला बोंबलतोय."

वन्सं उतरल्या. बॅगही उतरवली. कापडाचं काय, असं कुणी विचारलं नाही.

गाडी दृष्ट लागण्यासारखी झाली होती, यात शंका नाही. जिथं थांबेल तिथं लोक आत डोकावायचे. तळ्याकाठच्या तळावर शेजारच्या गाडीतल्या बाईंनी सोफ्यावर तळहात टेकवला आणि विचारलं, "हे कुठं करून घेतलंत हो? काय हात आहे!"

"आहेत एक ओळखीच्या टेलर," बाळाची आई म्हणाली. नवऱ्यानं ऐकलं. तो ब्रेडला लोणी लावत होता, ते त्यानं अगदी कडेपर्यंत व्यवस्थित लावलं.

वन्सं रोज चार वाजता छकुलीला बघायला व्हिडिओ कॉल करायच्या. कधी बाळाची आई फोन द्यायची, कधी फोनवर सगळ्या दांड्या भरलेल्या असताना "इथं नेटवर्क नाही" असं लिहून पाठवायची. सोमवारी वन्संचा चेहरा ओढलेला दिसला. "शिडीवरून पाय घसरला जरा. गुडघा सुजलाय, दुसरं काही नाही. खाली उतरवत नाही एवढंच."

"शेक द्या, वन्सं," ती म्हणाली आणि फोन खिडकीकडे वळवून त्यांना तळं दाखवलं.

मंगळवारी चार वाजता फोन आला नाही. बुधवारीही नाही. तिनं केला तर नुसता वाजत राहिला. गुरुवारपासून तो बंद येतोय. मिस्त्रीला लावला, तर तो लेकीच्या बाळंतपणाला गेलेला. आठवडाभर कारखान्याला कुलूप. "मावशींना लहान दाराची कडी आतून काढता येते की," तो म्हणाला, "आणि डबा त्या खाली उतरून आणतात."

"फुगली असेल," नवरा म्हणाला. "लहानपणापासून तिचं असंच. आणि आता पोलिसांना फोन करायचा, ते जाऊन बघणार, तर ही आरामात पेपर वाचत बसलेली. हसं होईल आपलं."

मागं फिरायचं तर दीड दिवसाचा रस्ता. पुढं समुद्राकाठची जागा राखून ठेवलीय, ती हातची जाईल. आज शनिवार. बाळाच्या आईनं सकाळपासून सात वेळा छकुलीच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघितलाय आणि अकरा वेळा तो बंद नंबर फिरवलाय. नवऱ्याला "गाडी वळव" असं एकदाही म्हणालेली नाही. गाडी समुद्राकडेच चाललीय.

वन्संच्या एकाही गिऱ्हाइकाचं नाव तिनं कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे तिथं फोन करावा असं तिच्या माहितीचं कुणी नाही. तेव्हा तुम्हालाच विनंती आहे. तुम्ही त्या कारखान्याच्या बाजूला राहत असाल, किंवा आज तिकडून जाणार असाल, तर टायरच्या दुकानामागच्या गल्लीत वळा. टोकाला पत्र्याचं मोठं फाटक आहे. त्याला कुलूप असेल. डावीकडच्या लहान दाराची कडी बाहेरून सळईनं निघते. आत गेल्यावर शिडीखाली उभे राहून "मावशी" अशी हाक मारा. कुणी पाठवलं ते सांगू नका. सोबत पाणी न्या. आणि वरून ओ आली नाही तर तेवढ्यावर परत फिरू नका. कृपा करून शिडी चढा.