सलाइनचा हात

"पोटॅशियम फारच वाढलंय," रिपोर्टवरची नजर न काढता डॉक्टर म्हणाले. "सिस्टर, पुढच्या पिशवीतलं बंद करा. आणि उतरवायचं इंजेक्शन द्या, लगेच."

मी औषधांचं कपाट उघडलं आणि तिथेच थबकले. रिपोर्ट सहा नंबरच्या पलंगावरच्या काकांचा. त्यांचं आतडं कापलेलं. तीन आठवडे सगळं अन्न शिरेतून. कालपर्यंत पोटॅशियम कमी म्हणून आम्हीच पिशवीत वाढवून घालत होतो. मग एका रात्रीत एवढं कसं वाढलं?

आणि आठवलं. रात्रपाळी संपल्यावर सकाळचीही पाळी माझ्याच गळ्यात पडली होती. काकांचा उजवा हात सुजलेला, शीर सापडेना. दोनदा टोचलं. तिसऱ्यांदा टोचायचं जिवावर आलं, म्हणून डाव्या हातातून रक्त घेतलं. त्याच हातात पिशवी चालू होती. म्हणजे रक्तात पिशवीतलं पाणी मिसळलेलं, आणि रिपोर्ट त्याचाच.

एकतीस वर्षं मी नव्या पोरींवर हेच ओरडत आले, सलाइनच्या हातातून रक्त घ्यायचं नाही. पोरी पाठीमागे माझी नक्कल करतात, तीही याच वाक्याची. निवृत्तीला चार महिने उरलेत. गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण मुळात कमी असलेलं पोटॅशियम त्या इंजेक्शनने आणखी उतरून काकांचं हृदय थांबलं असतं.

"डॉक्टर, इंजेक्शन नको. सॅम्पल मी सलाइनच्या हातातून घेतलंय."

मागे उभ्या पोरी माझ्याकडे वळल्या.

"सिस्टर, तुम्ही?"

"हो. मीच."

त्यांनी चारचौघांत झापलं असतं तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "पुन्हा घ्या."

मी काकांच्या पलंगाशी बसले. "काका, पुन्हा टोचायचंय. सकाळी माझं चुकलं."

"माहितीये मला," काका उजवा हात पुढे करत म्हणाले. "रोज या हाताचं घेता ना तुम्ही. पण तुमचा चेहरा एवढा उतरला होता... म्हटलं, जाऊ दे, कशाला बोला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शीर मात्र पहिल्याच खेपेला सापडली.

तासाभराने रिपोर्ट आला. पोटॅशियम कालच्यापेक्षाही खाली होतं. मी पोटॅशियमची नवी पिशवी लावली, चिकटपट्टीचा तुकडा फाडून त्यावर पेनाने लिहिलं, 'इथून रक्त घेऊ नये', आणि काकांच्या डाव्या हातावर चिकटवला.

"सिस्टर, आम्हाला माहितीये की हे," एक पोरगी हळूच म्हणाली.

"तुमच्यासाठी नाही गं," मी म्हणाले, आणि पट्टीची सुटलेली कड अंगठ्याने दाबत राहिले.